विंडोज उडालं? फॉरमॅट मारण्याआधी या क्रमाने जा

कॉम्प्युटर सुरू होईना किंवा निळा पडदा येऊन तिथेच अडकला, की घरात कुणीतरी म्हणतंच, "विंडोज उडालं, आता फॉरमॅट मारावं लागेल." दुकानातही बहुधा हेच सांगतात, कारण त्यांच्यासाठी तो सगळ्यांत कमी वेळाचा मार्ग असतो. पण फॉरमॅट ही या कामातली शेवटची पायरी आहे. तिच्याआधी करायच्या सात-आठ गोष्टी आहेत आणि बहुतेक कॉम्प्युटर त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या गोष्टीलाच उठून बसतात.

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांचा कॉम्प्युटर असाच एका दुकानात फॉरमॅट होऊन आला. बारा वर्षांचे फोटो गेले. महिन्याभराने "वेबसाइट उघडत नाहीत" म्हणून त्यांनी मला बोलावलं. पाहतो तर दर वेळी सुरू करताना तारीख मागे जात होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. मूळ दुखणं बहुधा तेच होतं. विंडोजला काही झालंच नसावं. तेव्हापासून हा क्रम मी कागदावर लिहून ठेवला आहे, आणि जो विचारेल त्याला तोच देतो.

एक खुलासा. हा लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. दोन शब्दांमध्ये जागा दिसते तिथे स्पेसबार दाबायचा. जागा दिसत नसेल तर सलग लिहायचं.

## आधी सामान जमवा

दोन पेनड्राइव्ह लागतील. एक किमान ८ जीबीचा, विंडोजची प्रत ठेवण्यासाठी. दुसरा, किंवा शक्यतो बाहेरची हार्ड डिस्क, तुमच्या फाइली काढून घेण्यासाठी. दोन्ही कामं एकाच पेनड्राइव्हवर उरकायला जाऊ नका. विंडोजचा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार होतो आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो.

चालू स्थितीतला दुसरा कॉम्प्युटर शेजाऱ्यांकडून, भाच्याकडून, कुठूनही तासाभरासाठी मिळवा. त्यावर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि पहिला पेनड्राइव्ह तयार करा. हे करताना त्या पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड हाताशी ठेवा. रोजचा चार आकडी पिन सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या गोष्टींनिशीच सुरू करायची पद्धत) चालेलच असं नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाची, रिकव्हरी की. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला याचा पत्ताही नसतो. मग दुरुस्तीच्या मेनूत शिरताना ४८ आकडी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर, डिव्हाइसेसच्या विभागात सापडते. घरात तीन लॅपटॉप असतील तर तीन किल्ल्या दिसतील. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती घ्या.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकाच दिवशी निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. त्यावरचा इलाज म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं, दहा मिनिटांचं काम. पण ज्यांच्याजवळ ही ४८ आकडी की नव्हती त्यांना त्या फाइलपर्यंत पोचताच येईना.

थांबा: की मिळाली नाही आणि डिस्क कुलूपबंद असेल, तर कुठल्याही दुकानात ती उघडून मिळत नाही. "करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. घरातल्या इतरांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्येही शोधा. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मुलाचं किंवा सुनेचं अकाउंट वापरलं गेलं असेल, तर की तिथे असते.

आणि वीज. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. पावसाळ्यात दिवे ये-जा करत असतील तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकला. दुरुस्तीच्या मध्ये वीज गेली की अर्धवट बिघडलेलं विंडोज पुरतं बिघडतं.

## टप्पा १: खरंच विंडोजच बिघडलंय का?

कॉम्प्युटर बंद करा. कीबोर्ड आणि माउस सोडून बाकी सगळं काढा: प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, मेमरी कार्ड, डिजिटल सहीचा टोकन. मग सुरू करा. विसरलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा प्रयत्न करून "बूट डिव्हाइस सापडलं नाही" म्हणणारे कॉम्प्युटर मी मोजणं सोडून दिलंय.

तरीही तोच प्रकार असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या मेनूत, जा. सुरू होताना बहुतेक ठिकाणी एफ२ किंवा डिलीट, एचपीवर एफ१०. तिथे तीन गोष्टी पाहा.

पहिली, तारीख. काही वर्षं मागची दिसत असेल तर सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. ती संपली की बायोसमधल्या निवडी मूळपदावर जातात. डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची किंवा बूट (म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणं) नव्या युईएफआय पद्धतीने करायचं की जुन्या लेगसी पद्धतीने, हे बदललं की धडधाकट विंडोजसुद्धा उठत नाही. उन्हाळ्यात गावाला जाताना महिनाभर बटण बंद करून ठेवलेल्या डेस्कटॉपला हे फार होतं. बॅटरी बदला, तारीख लावा, निवड पूर्ववत करा.

दुसरी, डिस्कचं नाव यादीत आहे का. नसेल तर विंडोजचा प्रश्न नाही. डेस्कटॉपमध्ये केबल सैल झालेली असू शकते. लॅपटॉपमध्ये डिस्क गेलेली असू शकते.

तिसरी, बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला आहे का.

कॉम्प्युटर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल, किंवा निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी बदलत असेल, तर संशय रॅमवर घ्या. डेस्कटॉपमध्ये दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. एचपीमध्ये एफ२ आणि डेलमध्ये एफ१२ दाबून कंपनीची स्वतःची तपासणी चालवता येते. ती विंडोजशिवाय चालते, म्हणून तिचा कौल इथे उपयोगी पडतो.

निळ्या पडद्यावर जे लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर हा पडदा काळा झाला आहे, पण मजकूर तसाच असतो. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आला तर वर सांगितलेली बायोसची निवड पुन्हा तपासा. 'अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम' आला तर डिस्कवरची रचना बिघडली आहे, किंवा डिस्कच जात आहे. दुसरी शक्यता खरी धरूनच पुढे जा.

थांबा: पडद्यावर "अपडेटचं काम चालू आहे" असं दिसत असेल तर तो बिघाड नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला दोन-तीन तास लागू शकतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर बटणाला हात लावू नका.

## टप्पा २: आधी फाइली बाहेर

हा लेख लिहायचं कारण हा टप्पा आहे. कौलं गळायला लागली की आपण आधी धान्याची पोती हलवतो, मग वर चढतो. इथे मात्र लोक भरल्या घरात दुरुस्ती सुरू करतात. डिस्क मरणपंथाला लागलेली असेल तर दुरुस्तीच्या प्रत्येक प्रयत्नाने तिला तासन्‌तास फिरवलं जातं, आणि जे वाचवता आलं असतं तेही जातं.

विंडोज सुरू होत नसतानाही फाइली काढता येतात. तयार केलेला विंडोजचा पेनड्राइव्ह लावा आणि सुरू होताना बूट मेनू उघडा. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरला एफ१२ चालतं, पण काही मॉडेल्समध्ये ते आधी बायोसमधून चालू करावं लागतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

भाषा निवडायचा पडदा आला की तिथेच थांबा. शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडेल. काही लॅपटॉपवर एफएन हेही सोबत दाबावं लागतं. त्यात टाइप करा:

नोटपॅड

आणि एंटर. नोटपॅड उघडला की फाइल, मग ओपन. खाली फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' करा. आता डावीकडे 'धिस पीसी'मध्ये तुमच्या सगळ्या डिस्क दिसतील. फोल्डरवर उजवी क्लिक, कॉपी, बाहेरच्या डिस्कवर जा, पेस्ट. मोठं फोल्डर कॉपी होताना हिरवी पट्टी दिसत नाही आणि खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाबरून बंद करू नका. बाहेरच्या डिस्कचा दिवा पाहत बसा.

तपासा: इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. एरवीचा सी इथे डी किंवा ई असू शकतो. आत 'युजर्स' आणि 'विंडोज' ही फोल्डर दिसतात तोच तुमचा सी. ते अक्षर कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल. त्या ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह असेल तर बिटलॉकर आहे. अशा वेळी पेनड्राइव्ह काढून टप्पा ३ मधल्या मार्गाने कॉम्प्युटरच्या स्वतःच्या दुरुस्ती मेनूत जा. तिथे कमांड प्रॉम्प्ट निवडलं की तो ४८ आकडी की मागतो, कुलूप उघडतो, आणि मग नोटपॅडची हीच युक्ती चालते.

फाइली पुष्कळ असतील तर नोटपॅडपेक्षा रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपी करायची आज्ञा बरी. समजा तुमचा सी इथे डी आहे आणि बाहेरची डिस्क एफ आहे:

रोबोकॉपी डी:\युजर्स एफ:\बॅकअप /ई /आर:१ /डब्ल्यू:१ /एक्सजे

यातलं काही गाळू नका. 'आर' आणि 'डब्ल्यू' न लिहिल्यास एक खराब फाइल वाचायला रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. 'एक्सजे' न लिहिल्यास काही फोल्डरांत ते गोल गोल फिरत राहतं.

काय काय काढायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स सगळ्यांना आठवतात. न आठवणाऱ्या गोष्टी अशा:

वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपवरच्या फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. युजर्समधलं डेस्कटॉप रिकामं दिसलं म्हणून हाय खाऊ नका. वनड्राइव्हच्या आत पाहा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी विंडोज फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' पूर्ण कॉपी करावं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेल्या पत्रिका, अहवाल, दिवाळी अंक त्या फॉन्टशिवाय उघडले तर नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. ते फॉन्ट पुन्हा मिळवणं किती कठीण जातं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

टॅलीचा डेटा बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. सी ड्राइव्हवर टॅली नावाची जी फोल्डर असतील ती, आणि युजर्समधलं 'पब्लिक', दोन्ही घ्या. आउटलुकच्या पीएसटी फाइली (यात मेल साठवलेले असतात) डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरात असतात.

ब्राउझरमधले पासवर्ड मात्र असे फोल्डर कॉपी करून मिळत नाहीत. ते तुमच्या विंडोजच्या खात्याला बांधलेले असतात. गूगल अकाउंटशी जोडलेले असतील तर परत येतील.

थांबा: सीवरच्या फाइली डीवर हलवल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरांत सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालनं असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

कॉपी करताना डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा एकेक फाइलला पाच-पाच मिनिटं लागत असतील, तर सर्वांत मौल्यवान तेवढं आधी घ्या आणि थांबा. बाकीचं हवंच असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. अशी डिस्क दुरुस्त करायची नसते, बदलायची असते. कॉपी झालेल्या फाइलींपैकी पाच-सहा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नका. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही.

## टप्पा ३: विंडोजचा स्वतःचा दुरुस्ती मेनू

विंडोज सुरू व्हायला लागून दोन-तीनदा अर्ध्यावर पडलं की हा निळा मेनू आपोआप येतो. न आल्यास कंपनीचं चिन्ह आणि फिरणारे ठिपके दिसताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं तीनदा. फाइली बाहेर काढल्यानंतरच हे करायचं, हे पुन्हा सांगतो. तेही जमलं नाही तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून 'रिपेअर' निवडा. नव्या सेटअपमध्ये 'इन्स्टॉल' आणि 'रिपेअर माय पीसी' हे दोन पर्याय एकाखाली एक येतात. घाईत पहिला निवडू नका.

ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आता या क्रमाने:

१. स्टार्टअप रिपेअर. एकदा चालवा. "दुरुस्त करता आलं नाही" म्हणालं तर दहादा चालवून फरक पडत नाही. विंडोज, सिस्टिम३२, लॉगफाइल्स, एसआरटी या फोल्डरांच्या उतरंडीत 'एसआरटी ट्रेल' नावाची मजकूर फाइल तयार होते. ती नोटपॅडने उघडा आणि शेवटच्या ओळी वाचा. अमुक ड्रायव्हर किंवा अमुक फाइल खराब आहे, असं पुष्कळदा तिथे सरळ लिहिलेलं असतं.

२. अनइन्स्टॉल अपडेट्स. बिघाड अपडेटनंतर एक-दोन दिवसांत झाला असेल तर आधी हे करा. 'क्वालिटी अपडेट' म्हणजे दरमहाचं छोटं, 'फीचर अपडेट' म्हणजे वर्षाचं मोठं. पहिलं काढून पाहा. मोठं अपडेट साधारण दहा दिवसांच्या आतच मागे घेता येतं.

३. सिस्टिम रिस्टोर. जुनी तारीख दिसली तर वापरा. फोटो, कागदपत्रांना हे हात लावत नाही. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम तेवढे जातात. बऱ्याच कॉम्प्युटरांत ही सोय बंदच असते. तसं असेल तर पुढे चला.

४. स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज नीट चालत असेल तर मोठी चिंता मिटली. दोष विंडोजमध्ये नसून एखाद्या ड्रायव्हरमध्ये, अँटीव्हायरसमध्ये किंवा नुकत्याच टाकलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. अलीकडे टाकलेलं एकेक काढा आणि दर वेळी नेहमीसारखं सुरू करून पाहा. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर आधी त्यातला एक काढा.

तपासा: प्रत्येक उपायानंतर एकदा साधं रीस्टार्ट. तीन उपाय लागोपाठ केले तर कशाने बरं झालं तेही कळत नाही, आणि कशाने बिघडलं तेही.

## टप्पा ४: काळी खिडकी

इथेही क्रम चुकतो. बरेच लोक थेट एसएफसी (विंडोजच्या खराब फाइली बदलणारी आज्ञा) चालवतात आणि "काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत" पाहून फॉरमॅटकडे वळतात. आधी डिस्कवरची रचना सरळ करायची, मग विंडोजचं कोठार (चांगल्या फाइलींचा राखीव साठा) भरायचं, आणि मग त्या कोठारातून खराब फाइली बदलायच्या.

दुरुस्ती मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा. मघाशी लिहिलेलं अक्षर इथेही तेच आहे का, हे नोटपॅडच्या युक्तीने पुन्हा पाहा आणि दिसेल ते वापरा. मी डी धरतो.

सीएचकेडीएसके डी: /एफ

डिस्क निरोगी असेल तर एवढं पुरतं. 'एफ'च्या जागी 'आर' लिहिलं तर डिस्कचा इंचन्‌इंच वाचला जातो. मोठ्या डिस्कला रात्र लागते, आणि दुबळी डिस्क त्यात दम तोडते. फाइली सुरक्षित नसताना 'आर' वापरू नका.

मग:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज

दुरुस्ती मेनूत असताना ही दोन्ही टोकं जोडावीच लागतात. नुसतं 'एसएफसी /स्कॅननाऊ' लिहिलं तर "एक दुरुस्ती बाकी आहे, रीस्टार्ट करा" असं सांगून ते थांबतं, आणि लोक बिचारे रीस्टार्ट करत राहतात. अपडेट खरोखरच अर्धवट लोंबकळत असेल तर:

डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स

याने अर्धवट अपडेट मागे घेतलं जातं. वीज गेल्यामुळे बिघडलेल्या कॉम्प्युटरांना या एका ओळीने मी बरेचदा उठताना पाहिलंय.

विंडोज कसंबसं का होईना सुरू होत असेल, तर इंटरनेट जोडून, कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि याच क्रमाने:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

एसएफसी /स्कॅननाऊ

पहिली आज्ञा चांगल्या फाइली मायक्रोसॉफ्टकडून आणून कोठार भरते, दुसरी त्यातून बदली करते. पहिली मध्येच एका टक्क्यावर वीस-पंचवीस मिनिटं थबकते, तेव्हा खिडकी बंद करू नका. एसएफसी पहिल्यांदा सगळं सुधारत नसेल तर रीस्टार्ट करून पुन्हा एकदा चालवा.

## टप्पा ५: विंडोज आहे, पण दार सापडत नाही

फाइली दिसतात, एसएफसी म्हणतं सगळं ठीक, आणि तरी सुरू होताना "बूट कॉन्फिगरेशन डेटा नाही" असा संदेश येतो. अशा वेळी विंडोज शाबूत आहे. ते सुरू करणारा लहानसा भाग हरवलाय. जुने सल्ले 'बूटरेक /फिक्सबूट' चालवायला सांगतात. आजच्या युईएफआय कॉम्प्युटरवर ते "ॲक्सेस नाकारला" म्हणतं. त्याऐवजी हे करा. काळ्या खिडकीत:

डिस्कपार्ट

लिस्ट व्हॉल्यूम

यादीत फॅट३२ लिहिलेला, साधारण १०० ते ३०० एमबीचा भाग शोधा. तुमचा पेनड्राइव्हही फॅट३२ च दिसेल, पण त्याचा आकार जीबीत असतो. त्या लहान भागाचा क्रमांक २ असेल तर:

सिलेक्ट व्हॉल्यूम २

असाइन लेटर=एस

एक्झिट

आणि मग, विंडोज डीवर आहे असं धरून:

बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ युईएफआय

"फाइली यशस्वीपणे तयार झाल्या" असं आलं की पेनड्राइव्ह काढा आणि रीस्टार्ट करा.

थांबा: डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' आणि 'फॉरमॅट' हे शब्द टाइप करू नका. 'क्लीन' म्हणजे साफसफाई असं वाटतं. प्रत्यक्षात ते डिस्कवरची सगळी दालनं क्षणात पुसतं आणि दुसऱ्यांदा विचारत नाही.

## टप्पा ६: विंडोजवर विंडोज

विंडोज सुरू होतंय पण आजारी आहे: स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट दर वेळी फसतं, एसएफसीने हात टेकलेत. इथे लोक फॉरमॅट मारतात. त्याची गरज नसते. चालू विंडोजच्या आत पेनड्राइव्ह लावा, त्यातलं 'सेटअप' दोनदा क्लिक करून चालवा आणि 'पर्सनल फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडा. सगळं विंडोज नव्याने बसतं. टॅली, ऑफिस, फॉन्ट, फोटो जागच्या जागी राहतात. सीवर किमान २० जीबी मोकळी जागा ठेवा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथेही विंडोज अपडेटमधून हेच करायचं बटण आहे, मग पेनड्राइव्हही लागत नाही.

तपासा: 'ॲप्स ठेवा' हा पर्याय फिकट दिसत असेल तर भाषा किंवा आवृत्ती जुळत नाही. रद्द करा, योग्य प्रत उतरवा. आणि पेनड्राइव्हवरून बूट करून हे करता येत नाही. तिथून केलं की ॲप्स जातातच.

## टप्पा ७: रिसेट, आणि अगदी शेवटी नवं विंडोज

दुरुस्ती मेनूत ट्रबलशूटखाली रिसेट आहे. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं की तुमच्या फाइली राहतात, टाकलेले प्रोग्रॅम आणि त्यांच्या निवडी जातात. बाहेर काढलेली प्रत हातात असतानाच हे करा. 'क्लाउड डाउनलोड'ला साधारण ४ जीबी डेटा लागतो, पण आधीच्याच फाइली खराब असतील तर 'लोकल'पेक्षा तोच निवडा.

त्यानेही भागलं नाही तर नवं विंडोज. जास्तीची डिस्क असेल तर तिची केबल आधी काढा. वाय-फायचा ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. विंडोज ११ बसवताना इंटरनेट मागतं आणि वाय-फाय ओळखत नाही, अशी कोंडी नेहमी होते. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं तरी बहुधा सुटका होते.

डिस्कची यादी रिकामी आली तर डिस्क गेली असं समजू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांना साठवणुकीचा वेगळा ड्रायव्हर लागतो. कंपनीच्या वेबसाइटवरून 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' नावाचा ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखवा.

दालनांच्या पडद्यावर आकार पाहूनच हात चालवा. डीवर तुमचा डेटा असेल तर तो भाग सोडून फक्त विंडोजचे भाग पुसा.

प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. फक्त आवृत्ती तीच हवी. भारतात विकलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत 'होम सिंगल लँग्वेज' असतं. तिथे 'प्रो' टाकलं की परवाना जुळत नाही, आणि मग कुणीतरी 'ॲक्टिव्हेटर', म्हणजे परवान्याला बगल देणारा प्रोग्रॅम, चालवायला सुचवतं. ते चालवू नका. अँटीव्हायरस बंद करायला सांगणारा अनोळखी प्रोग्रॅम ज्या कॉम्प्युटरवर चालला, त्यावर मी नेट बँकिंग करणार नाही.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नव्यानेच बसवायचं असेल आणि यंत्र इंटेल ८ व्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर ११ च टाका.

## टप्पा ८: सुरू झाल्यावर पहिल्या तासात

फाइली लगेच परत भरू नका. आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोनदा रीस्टार्ट करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे आहे का पाहा. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन तपासा. दुकानातून दुरुस्त होऊन आलेल्या कॉम्प्युटरवर तर हे तिथेच, पैसे देण्याआधी. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्कची तब्येत पाहा. 'गुड'ऐवजी 'कॉशन' दिसलं, तर सुरू झालेल्या विंडोजवर विसंबू नका. नवी एसएसडी आणा आणि तिच्यावर बसवा.

सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोर पॉइंट तयार करा. बिटलॉकरची की कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा, कारण नव्याने बसवल्यावर ती बदललेली असते आणि जुनी चालत नाही. मग फॉन्ट, मग प्रोग्रॅम, आणि शेवटी फाइली. बाहेरच्या डिस्कवरची प्रत महिनाभर तरी पुसू नका. राहून गेलेलं एखादं फोल्डर पंधरा-वीस दिवसांनीच आठवतं.